दुष्काळात तेरावा महिना

दूरच्या बेटांवरची जंगले का गेली, याची दोन सोपी उत्तरे सध्या चलनात आहेत. एक : बेटावरचे लोक अडाणी, त्यांनी आपलीच झाडे तोडली. दुसरे, जरा सभ्य : हवामानाचे चक्र फिरले, दुष्काळ पडला, रान वाळले. पहिल्यात दोष मेलेल्यांच्या माथी, दुसऱ्यात आभाळाच्या. दोघेही उलटून बोलत नाहीत.

दुष्काळाचा हात नव्हता असे नाही. ईस्टर बेटावरच्या, म्हणजे रापा नुईवरच्या, तळ्यांच्या गाळात कोरड्या काळाच्या खुणा आहेत. पण दुष्काळाने वाळलेले रान बी उरले तर पुन्हा उठते. तिथे होड्यांतून आलेल्या उंदरांनी ताडाचे बीच कुरतडले आणि शेतीसाठी माणसांनी रान जाळले. तरी लोक टिकले. दगडांच्या आडोशाने कंद पिकवत राहिले. बेट ओस पाडले ते १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या माणसे पळवणाऱ्यांनी आणि मागोमाग आलेल्या साथींनी. १८७७ मध्ये उरली १११ माणसे. त्यानंतर तिथे मेंढ्या चरल्या.

मॉरिशसचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. तिथल्या मार ओ सोंज या दलदलीत डोडो आणि महाकाय कासवांच्या हाडांचा थर आहे. सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणात पाणी आटले आणि जनावरे तिथेच पडली. पण डोडो संपला नाही, रानही संपले नाही. पाऊस परतला, तेही सावरले. मग १५९८ मध्ये डच उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली, एबनीवर कुऱ्हाड चालवली, आणि ते शतक सरण्याआधीच डोडो नाहीसा झाला. हजारो वर्षांच्या चक्रांना जे जमले नाही, ते माणसांनी, त्यांच्या डुकरांनी आणि उंदरांनी शंभर वर्षांत केले.

कळत नव्हते, असेही म्हणता येणार नाही. १७६९ मध्येच पियेर प्वाव्र या फ्रेंच प्रशासकाच्या काळात जमीनदारांनी चौथा हिस्सा रान राखावे असा नियम झाला. रान गेले की पाऊस जातो, ही त्यामागची समजूत. पुढे उसाने सारे गिळले. १८३४ नंतर गिरमिटावर गेलेल्यांत आपले मराठी लोकही होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्यांना लावू नये. दांडा त्यांच्या हाती होता, कुऱ्हाड मळेवाल्याची होती. आज तिथे चांगल्या स्थितीतले मूळ रान दोन टक्केही नाही.

म्हणून बेटांच्या बाबतीत आपली म्हण उलटी वाचावी. दुष्काळ हाच तेरावा महिना. आधीचे बारा कोणी आणले, ते विचारावे.

हा प्रश्न इतिहासाचा नाही. ग्रेट निकोबारमध्ये बंदर, विमानतळ आणि शहरासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. भरपाईची झाडे लावायची ठरली ती हरियाणात! उद्या त्या बेटावर झरे आटले, तर एल निनोचे नाव घेणारे तज्ज्ञ सहज मिळतील. एल निनो खराही असेल. पण मंजुरीच्या कागदावर सही एल निनोची नाही. ती कोणाची आहे, हे आजच लिहून ठेवा.