वेलांटी आधी की अक्षर?

शनिवारी दुपारी पेपर वाचणारी मंडळी उठली की गंगापूरच्या वाचनालयात त्याच टेबलांवर आमचा संगणक वर्ग भरतो. संगणक 2, विद्यार्थी 7. सगळ्यात धाकटा बेचाळिशीचा. कायगावकडचे एक शेतकरी लासूर स्टेशनच्या बाजारातली कांद्याची पट्टी घेऊन येतात. हमाली-तोलाई वजा जाता हातात काय उरलं, ते एक्सेलनं काढून दिलं तरी कागदावर पुन्हा ताळा करतातच. करू देतो. बँकेचं पासबुक मीही असंच तपासतो.

 

खरी गाठ पडली ती अण्णांशी. 31 वर्षं कचेरीत मराठी टंकलेखक. एमएस-सीआयटी गावोगाव पोचली तेव्हा अण्णा निवृत्तीला टेकले होते. ‘आता कशाला’ म्हणत राहूनच गेलं. पहिल्या दिवशी बसले आणि ‘निवेदन’ ठोकायला घेतलं. पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं, त्याला टांगलेली वेलांटी आणि शेजारी नुसता न.

“मशीन बिघडलं, सर.”

बिघडलं काही नव्हतं. रेमिंग्टन पद्धतीच्या यंत्रावर कागद एकाच दिशेनं सरकतो, म्हणून डावीकडे दिसणारी ऱ्हस्व वेलांटी आधी ठोकायची, अक्षर नंतर. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर उलटं. अक्षर आधी, वेलांटी डावीकडे नेऊन बसवायचं काम संगणकाचं.

म्हटलं, “अण्णा, तोंडानं ‘नि’ म्हणून बघा. आधी काय येतं?”

त्यांनी दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. “न येतो. म्हणजे हे ऐकून लिहितंय. आम्ही बघून लिहायचो.”

युनिकोडमधल्या या क्रमाचा इतका नेमका खुलासा मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. पण डोक्याला पटलं म्हणून बोटं ऐकतात थोडीच! पुढचे तीन शनिवार वर्तुळं उमटतच राहिली.

गेल्या शनिवारी त्यांनी पेन्शनीच्या फरकाचा अर्ज टाइप केला. ‘विनंती’पाशी व दाबून बोट क्षणभर हवेत थांबलं, मग वेलांटीवर उतरलं. प्रिंटर सुरू करताच त्यांनी विचारलं, “कार्बन कुठं लावायचा?”

कार्बन नको, लागतील तेवढ्या प्रती निघतात, असं सांगून मी तीन काढून दिल्या. अण्णांनी तिन्ही खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या.

“सगळ्या सारख्याच ठळक आल्यात, सर. मग यातली स्थळप्रत कोणती?”