दोन जोडण्या म्हणजे फेलओव्हर नव्हे

स्टेट कॉलेजमध्ये बसून पुण्यातल्या घरच्या लिनक्स मशीनवर एसएसएच करता? तिथे दोन कंपन्यांचं नेट घेतलंत, एका रूटला मेट्रिक १००, दुसऱ्याला २०० दिलं, आणि निर्धास्त झालात? माझ्या मते ही अर्धीच तयारी. मशीनला फार तर राउटरपर्यंतची वायर दिसते. पुढे कंपनीचं नेट मेलं तरी वायर जिवंतच, म्हणून पहिला रूट जागचा हलत नाही. त्याच जोडणीतून बाहेर पिंग करत राहणारी आणि उत्तर थांबलं की रूट बदलणारी छोटी स्क्रिप्ट हवीच.

त्यावर वायरगार्डचा टनेल टाका. बाहेरचा आयपी बदलला तरी आतला तोच राहतो, चालू सेशन सहसा तुटत नाही. भारतात बऱ्याच घरांना सार्वजनिक आयपी मिळत नाही, म्हणून घरच्या मशीनवर कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. नवा पत्ता इकडच्या टोकाला आपोआप कळतो. (इकडचं टोक मात्र बाहेरून पोचण्याजोगं हवं.)

३० जानेवारी २००८ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन समुद्री केबल्स तुटल्या आणि भारतातलं नेट रखडलं. केबल्स दोन, वाट जवळपास एकच. तुमच्या सोसायटीत दोन्ही फायबर एकाच पाइपातून वर येतात का, हे आईबाबांना बघायला सांगा. येत असतील तर दुसरी जोडणी मोबाइल डेटाची घ्या.