चाक दुसऱ्याचं, गाडी तुमची

पहिल्या नोकरीत एका बाहेरून घेतलेल्या लायब्ररीतली चूक मी वरिष्ठांना दाखवली. उत्तर आलं, “ती आपण कुठे लिहिलीये? सोड.” मी सोडली. आपला काय दोष, असंच तेव्हा वाटलं. आज म्हणतो, दोष होता. माझाही.

हे मला अमेरिकेच्या एका जुन्या खटल्याने शिकवलं. मॅकफर्सन नावाच्या माणसाची ब्यूइक गाडी चाकाच्या लाकडी आऱ्या मोडून कोसळली, तो जखमी झाला. कंपनी म्हणाली, चाक आम्ही बनवलेलं नाही आणि गाडी याने डीलरकडून घेतली, आमचा याच्याशी करारच नाही. 1916 साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दोन्ही सबबी फेटाळल्या. तपासलं असतं तर दोष सापडला असता. तपासलं नाही, हाच निष्काळजीपणा.

‘सगळेच असं करतात’ ही दुसरी सबब. 1928 च्या वादळात कोळशाचे दोन बार्ज बुडाले. ते ओढणाऱ्या टगबोटींवर चालू रेडिओ असता तर हवामानाचा इशारा मिळाला असता. रेडिओ ठेवायची पद्धत धंद्यात नव्हती. 1932 मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांचं म्हणणं पडलं की अख्खा धंदासुद्धा मागे राहिलेला असू शकतो.

आता आमचा धंदा बघा. 2017 च्या मार्चमध्ये अपाची स्ट्रट्समधल्या दोषाची दुरुस्ती फुकट उपलब्ध झाली. इक्विफॅक्सने ती वेळेत बसवली नाही. सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. 2019 मध्ये किमान 57.5 कोटी डॉलरची तडजोड झाली, म्हणून ते प्रकरण गाजलं. एरवी काय होतं? नुकसान निव्वळ पैशांचं असेल, तर अमेरिकी न्यायालयं निष्काळजीपणाचा दावा सहसा मानत नाहीत, कराराकडे बोट दाखवतात. आणि करार लिहिलेला असतो कंपनीने: ‘आहे तसे’, हमी नाही. म्हणजे 1916 मध्ये हाकललेली सबब मागच्या दाराने परत आली.

माझे मित्र म्हणतात, जबाबदारी टाकली तर फुकट कोड लिहिणारे स्वयंसेवक पळून जातील. त्यांच्यावर टाका असं कोण म्हणतंय? मॅकफर्सनने ब्यूइकला कोर्टात खेचलं, कारण गाडी तिने विकली होती. जो विकतो, कमावतो, त्याने तपासावं. प्रत्येक चुकीला शिक्षा नको. निष्काळजीपणाचा कायदा परिपूर्णता मागतच नाही, वाजवी काळजी मागतो. दोष माहीत आहे, दुरुस्ती फुकट आहे, तरी बसवली नाही, याला वाजवी काळजी म्हणायची का?

आम्ही स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. पूल बांधणारा इंजिनिअर ‘आहे तसा’ अशी पाटी लावून घरी जात नाही. आम्हालाही ती पाटी उतरवावी लागेल, नाहीतर निदान पदवी तरी.