सहा मीटर त्रिज्येत न बसणारी भिंत

सुरत आणि परिसरातील वास्तुविशारद, संरचना सल्लागार व कंत्राटदार यांच्याकडून या मासिकाकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. लाटदार दर्शनी वीटकाम संगणकाच्या पडद्यावर सहज उभे राहते, जागेवर गवंडी ते कष्टाने उभे करतो, आणि मोजमाप पुस्तकात मात्र ते आडवे होते. देयक तपासणारा अभियंता भिंतीच्या दोन टोकांमध्ये टेप धरतो, मिळालेल्या लांबीला उंचीने व जाडीने गुणतो आणि साध्या वीटकामाचा दर लावून मोकळा होतो. कंत्राटदाराने जादा बाब मागितली, तर निविदेत तशी बाब नसल्याचे उत्तर मिळते. त्यावरही तो अडून बसला, तर आय. एस. 1200 च्या तिसऱ्या भागाकडे बोट दाखवले जाते.

वीटकामाच्या मोजमापाचा हा तिसरा भाग 1976 सालचा असून त्यातील वक्र भिंतीविषयीची तरतूद मोजक्या ओळींची आहे. आराखड्यात वक्र असलेल्या भिंतीची मध्यत्रिज्या, अर्थात भिंतीच्या जाडीच्या मध्यरेषेची त्रिज्या, 6 मीटरपेक्षा अधिक असेल तर ते काम साध्या वीटकामात धरावे आणि ती 6 मीटर किंवा त्याहून कमी असेल तर कापकाम, वाया जाणाऱ्या विटा व साचे यांसह ते स्वतंत्र मोजावे, असा तिचा आशय आहे. गोल विहीर, गोल जिना, अर्धवर्तुळाकार सज्जाची भिंत अशी एकाच त्रिज्येची कामे डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा नियम त्या कामांपुरता चोख आहे, आणि त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

लाटदार भिंतीला मात्र एक त्रिज्या नसते. 2.4 मीटर तरंगलांबीची, सरळ अक्षापासून दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त 150 मिलिमीटर सरकणारी साधी ज्या-तरंगाची भिंत विचारात घ्यावी. या कमाल सरकेला आयाम म्हणतात. तरंगलांबीच्या वर्गाला आयाम आणि पायच्या वर्गाची चौपट यांच्या गुणाकाराने भागले असता शिखरावरची त्रिज्या मिळते, आणि या भिंतीत ती सुमारे 0.97 मीटर भरते. शिखराकडून अक्षाकडे येताना ती वाढत जाते व भिंत अक्ष ओलांडते त्या बिंदूशी अनंत होते. नियमाचे अक्षर पाळायचे झाल्यास प्रत्येक तरंगाचा सुमारे एक अष्टमांश भाग साध्या वीटकामात आणि उरलेला वक्र वीटकामात मोजावा लागेल. चार तरंगांच्या भिंतीवर खडूने आठ ठिकाणी पट्टे आखून आतले काम एका दराने व बाहेरचे दुसऱ्या दराने नोंदवणारा शाखा अभियंता अद्याप कोणी पाहिलेला नाही. प्रत्यक्षात तो संपूर्ण भिंत सरळ ठरवतो, आणि त्या भरात मध्यरेषेची खरी लांबी सरळ लांबीपेक्षा पावणेचार टक्क्यांनी अधिक असते हेही नजरेआड होते.

याहून विचित्र स्थिती दुसऱ्या प्रकारच्या भिंतीची आहे. लाटदार वीटकाम दोन रीतींनी रचता येते. पहिल्या रीतीत प्रत्येक वीट वक्राच्या दिशेनुसार थोडी वळवून बसवतात. दुसऱ्या रीतीत सर्व विटा दर्शनी रेषेला समांतरच राहतात, फक्त प्रत्येक वीट ठरावीक अंतराने पुढे किंवा मागे सरकवली जाते आणि लांबून पाहणाऱ्याला त्या पायऱ्यांची लाट दिसते. सुरतेतच डिझाइन वर्क ग्रुप या संस्थेने ‘द ब्रिक कर्टन हाउस’ या नावाने केलेले घर, ज्याची विटांची दर्शनी भिंत पडद्यासारखी लहरवलेली आहे, या क्षेत्रातील बहुतेकांना परिचित आहे. त्यानंतर तसेच काहीतरी मागणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढली, हेही कोणी नाकारणार नाही. दिल्लीत अॅनाग्राम आर्किटेक्ट्सने साऊथ एशियन ह्यूमन राइट्स डॉक्युमेंटेशन सेंटरच्या इमारतीसाठी सहा विटांचा एकच घटक पुन्हापुन्हा वापरून वळणारी भिंत रचली, तीही संगणकापेक्षा गवंड्याच्या हाताला जवळची होती. सरकवलेल्या रीतीच्या भिंतीत वक्र असा कोठे नसतोच, सगळ्या विटा सरळच असतात. त्यामुळे मोजमापाच्या नियमानुसार ती सरळ भिंत ठरते, आणि प्रत्येक विटेला वेगळे माप लावण्यात गेलेला गवंड्याचा दिवस हिशेबात येत नाही. जेथे त्रास कमी तेथे जादा दर आणि जेथे अधिक तेथे शून्य, असा हा न्याय आहे. उलट जाळीदार रचनेत 0.1 चौरस मीटरपर्यंतच्या प्रत्येक पोकळीची वजावट करू नये या तरतुदीमुळे कंत्राटदाराला न लावलेल्या विटांचेही पैसे मिळू शकतात, पण त्याबद्दल पत्र लिहिणारा वाचक अद्याप भेटलेला नाही.

बांधकाम परवानगीसाठी नकाशे तपासणाऱ्या यंत्रणेचीही अशीच कुचंबणा होते. मजल्याचा आराखडा एका ठरावीक उंचीवर, सहसा जमिनीपासून सुमारे 1.2 मीटरवर, भिंत छेदून काढला जातो. जी भिंत खाली सरळ असून वर लहरत जाते, ती त्या छेदात वेगळ्याच जागी दिसते आणि सर्वांत पुढे आलेला भाग नकाशात उमटतच नाही. तो समासात किती शिरतो हे छेदचित्रावरून स्पष्ट करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे, आणि ती टाळून नंतर अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

येथूनच दोषाचा दुसरा, अधिक अप्रिय भाग सुरू होतो. अभियंता भिंत सरळ मोजतो, कारण त्याच्या हाती दुसरे काही मोजण्याजोगे दिलेलेच नसते. रेव्हिट किंवा आर्किकॅड या इमारत-माहिती प्रणालींमध्ये भिंत हा सलग घन असतो आणि विटा ही त्यावर ओढलेली रेषांची नक्षी असते. वक्र पृष्ठावर ती नक्षी ताणली जाते, तिच्या सांध्यांचा खऱ्या सांध्यांशी संबंध राहत नाही, आणि परिमाण-तक्त्यात फक्त घनमीटर येतात. हे टाळण्यासाठी काही कार्यालये प्रत्येक वीट स्वतंत्र घटक म्हणून बसवतात. हजारो घटकांनी फाइल जड झाली, संगणक अडखळू लागला, की त्या प्रतिमानाचे एक देखणे चित्र काढून तेच नकाशासोबत जोडले जाते. त्या चित्रावरून वीट किती मिलिमीटर पुढे घ्यायची हे गवंड्याने ओळखावे, अशी अपेक्षा असते.

राइनोमधील ग्रासहॉपर किंवा रेव्हिटसोबतचा डायनॅमो, जेथे आकृती हाताने न काढता गणिती क्रियांची साखळी जोडून निर्माण केली जाते, वापरणाऱ्यांची चूक निराळी असते. थराच्या उंचीवर पृष्ठ छेदून मिळालेली रेषा विटेच्या लांबीने विभागायची आणि प्रत्येक बिंदूवर वीट वक्राच्या दिशेने बसवायची, ही त्यांची ठरलेली कृती असते. वर घेतलेल्या तरंगाच्या शिखरावर 230 × 110 मिलिमीटरची वीट मध्यरेषेवर 10 मिलिमीटर सांधा ठेवून अशी बसवली, तर सांध्याच्या बाहेरच्या व आतल्या कडेत सुमारे 27 मिलिमीटरचा फरक पडतो, बाहेर साडेतेवीस मिलिमीटरची फट उरते आणि आत विटा एकमेकींत साडेतीन मिलिमीटर घुसतात. पडद्यावर हे दिसत नाही, कारण दोन घन एकमेकांत शिरल्याचे संगणकाला दुःख होत नाही. जागेवर गवंडी विटेचा कोपरा कन्नीने उडवतो. विटेची आखूड बाजू दर्शनी ठेवली, अर्थात हेडर लावला, की वक्र गुळगुळीत होऊन प्रश्न सुटतो, असा समज रूढ आहे. वक्र गुळगुळीत होतो हे खरे, कारण सपाट विटेचे वक्रापासूनचे कमाल अंतर सुमारे 7 वरून दीड मिलिमीटरवर येते. परंतु सांध्याची पाचर तेवढीच राहते, कारण विटेची रुंदी निम्मी होते तेव्हा खोली दुप्पट झालेली असते.

सरकवलेल्या रीतीत ही पाचर उद्‌भवत नाही, आणि तिचे गणित इतके सोपे आहे की ते संगणकाशिवायही करता यावे. 2.4 मीटरच्या तरंगात 240 मिलिमीटरच्या 10 विटा बसतात, आणि तरंगाच्या सममितीमुळे एका थरात शून्याव्यतिरिक्त फक्त दोन मापे येतात: 88 आणि 143 मिलिमीटर, कधी पुढे तर कधी मागे. अर्ध्या विटेने सांधा मोडणाऱ्या पुढच्या थरात तीन मापे येतात: 46, 121 आणि 150. संपूर्ण भिंत या पाच मापांवर उभी राहते, आणि सर्वांत तीव्र उतारावरही वरच्या विटेला खालच्या विटेवर 110 पैकी किमान 64 मिलिमीटर रुंदीची बैठक मिळते. ही मापे 90, 145, 45, 120 आणि 150 अशी पूर्णांकित केली तरी काहीही बिघडत नाही. आय. एस. 1077 नुसार 230 मिलिमीटरच्या 20 विटांची एकत्रित लांबी 4520 ते 4680 मिलिमीटरपर्यंत चालते, म्हणजे वीट स्वतःच सरासरीने 4 मिलिमीटर इकडेतिकडे असू शकते. अशा विटेला 87.63 मिलिमीटर सरकवण्याची सूचना देणारा तक्ता हास्यास्पद ठरतो, आणि असे तक्ते प्रत्यक्षात दिले जातात.

स्वित्झर्लंडमधील फ्लेश येथील गांटेनबाइन द्राक्षमळ्याच्या इमारतीचा दाखला येथे अनेकदा दिला जातो. 2006 साली ग्रामाझियो व कोहलर यांनी तेथे सुमारे 400 चौरस मीटरच्या दर्शनी भागासाठी 20,000 विटा यंत्रमानवाकडून वळवून 72 तयार फलकांत रचून घेतल्या. त्या पद्धतीत संगणकातील आकडे थेट यंत्राकडे जात असल्याने मधला कागद नाहीसा होऊ शकला. सुरतेत मधला कागदच सर्व काही आहे, कारण येथे वीट रचणारा माणूस खानदेशातून, दाहोद-पंचमहालातून किंवा आणखी दुरून आलेला असतो, मराठी, गुजराती किंवा हिंदी बोलतो, आणि या तिघांनाही समान वाचता येणारी एकच लिपी म्हणजे आकडे. या दृष्टीने एलाडिओ डिएस्टे या उरुग्वेच्या अभियंत्याचे अटलांटिडा येथील चर्च अधिक उपयोगी आहे. 1958 ते 1960 या काळात बांधलेल्या त्या चर्चच्या भिंती तळाशी सरळ रेषेत असून वर लाटेत जातात. तळरेषा व माथ्यावरची लाट यांना जोडणारी प्रत्येक रेषा सरळ असल्याने ते पृष्ठ रेषाजन्य आहे, आणि रेषाजन्य पृष्ठ दोरीने आखता येते. 9.6 मीटर लांबीच्या चार तरंगांच्या भिंतीसाठी 240 मिलिमीटर अंतराने 41 दोऱ्या ताणल्या, की गवंड्याला तक्ताही लागत नाही. प्रतिमान करताना प्रथम पृष्ठ रेषाजन्य ठेवता येईल काय हे पाहावे. बहुतेक ग्राहकांना त्यातला फरक दिसतही नाही.

सुटी लाटदार भिंत तिच्या वजनावर उभी राहील असे गृहीत धरता येत नाही. सुरत आय. एस. 1893 च्या 2016 च्या आवृत्तीनुसार तिसऱ्या भूकंप क्षेत्रात येते, त्यामुळे अर्ध्या विटेच्या जाडीच्या दर्शनी भिंतीचे काँक्रीट चौकटीशी जोडणारे टाय कोणत्या थरात, कोणत्या विटेमागे येतील हे विटांच्या सरकेच्या तक्त्यातच लिहिलेले असले पाहिजे. सरकवलेल्या विटांच्या प्रत्येक कडेवर पावसाचे पाणी साचते, म्हणून वरच्या बाजूचा सांधा उतरता भरण्याची सूचनाही लागते. सुरतेच्या चार महिन्यांच्या पावसात ती विसरलेली भिंत पहिल्याच वर्षी क्षारांनी पांढरी पडते.

आता मागण्या. सार्वजनिक कामांच्या दरसूचीत थरनिहाय सरकवलेल्या वा वळवलेल्या दर्शनी वीटकामासाठी स्वतंत्र बाब असावी, तिचे मोजमाप विस्तारित क्षेत्रफळाच्या चौरस मीटरमध्ये व्हावे, आणि प्रतिमानातून काढलेली विटांची संख्या, काही थर प्रत्यक्ष मोजून पडताळण्याच्या अटीवर, ग्राह्य धरावी. यासाठी भारतीय मानक ब्यूरोने 1976 च्या मजकुरात दोन परिच्छेद वाढवणे पुरेसे आहे. मसुद्यांवर जनतेची मते मागवण्याची ब्यूरोची पद्धत आहे, पण मागणी कोणी लिहून पाठवली नाही तर मसुदाही निघणार नाही, आणि या क्षेत्रातील संघटना आपल्या वार्षिक सभांत पुरस्कारांच्या यादीवर जेवढा वेळ घालवतात त्याचा दशांशही या परिच्छेदांवर घालवत नाहीत.

या मासिकाने ती मागणी स्वतः लिहून पाठवण्याचे ठरवले आहे, आणि त्यासाठी वाचकांचा पुरावा हवा आहे. ज्यांनी लाटदार वीटकाम पूर्ण केले आहे त्यांनी थर क्रमांक, विटेचा क्रमांक, सरक आणि टायची जागा दर्शवणारा तक्ता, सरळ भिंतीच्या तुलनेत गवंड्याचे लागलेले दिवस, आणि देयकातील मूळ मोजमाप व मंजूर मोजमाप ही दोन्ही, पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत पाठवावीत. ग्राहक, कार्यालय व अधिकारी यांची नावे वगळावीत. ज्यांच्याकडे असा तक्ता मुळात तयारच झाला नव्हता, त्यांनी तसे एका ओळीत कळवले तरी चालेल, कारण तीही नोंद लागणार आहे. संगणकावर काढलेली चित्रे मात्र कृपया पाठवू नयेत.