माल दुकानात आहे तोवरच सौदा मोडा



आज पिकाबद्दल नाही, पिकाच्या जिवावर घेतलेल्या हप्त्याबद्दल लिहितो. लग्नसराई तोंडावर आली की आपल्या मनमाड, नांदगाव, चांदवड भागात कपाट, दिवाण, सोफा, ड्रेसिंग टेबल हप्त्यावर घ्यायची घाई सुरू होते. घेताना डोक्यात हिशेब कांद्याचा असतो. कांदा पडला की तोच हप्ता जड जातो, तरी माणूस सौदा मोडायला जात नाही. म्हणतो, "शब्द दिलाय, आता माघार कशी घ्यायची?" माझं मत असं आहे की परिस्थिती खरंच बदलली असेल तर माल घरी यायच्या आत सौदा मोडण्यात काही कमीपणा नाही. फक्त तो तोंडी न मोडता कागदावर मोडला पाहिजे.

2023 चा डिसेंबर आठवा. 7 डिसेंबरला केंद्राने कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली. आदल्या दिवशी भाव विचारून ट्रॅक्टर भरलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाजार समितीत गेला तर भाव कोसळलेला. लिलाव बंद पडले, चांदवडला लोक रस्त्यावर उतरले. दोन आठवड्यांत भाव निम्म्यावर आले. बंदी 31 मार्चपर्यंत सांगितली होती, प्रत्यक्षात उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के शुल्क ठेवून. त्या दिवसांत शेतात होता लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने धरता येतो, लाल कांद्याला तेवढा दम निघत नाही. काढला की विकावाच लागतो. म्हणजे पीक थांबत नाही आणि हप्ताही थांबत नाही, या दोघांच्या मधे शेतकरी.

आमच्या शिवारातल्या एका भाऊबंदाने त्याच नोव्हेंबरच्या शेवटी मुलीच्या लग्नासाठी फर्निचर ठरवलं होतं. चौसष्ट हजारांचा माल, बारा हप्ते, डिलिव्हरी लग्नाच्या आठ दिवस आधी. बंदी आली आणि दोन्ही घरांनी बसून लग्न साधं करायचं ठरवलं. व्याही समजूतदार निघाले. माल अजून दुकानाच्या गोदामात होता. हा दुकानात गेला तर उत्तर मिळालं, "ऑर्डर रद्द होत नाही, बिलावर लिहिलंय." फायनान्सवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "दुकानदाराशी बोला." दोघांच्या मधे महिना गेला आणि पहिला हप्ता खात्यातून कापला गेला. शेवटी दोघांना तारीख घालून लेखी अर्ज दिले, दुकानदाराला हमाली-वाहतुकीचे दोन हजार कबूल केले, तेव्हा सुटला. मुलगी आज सासरी सुखात आहे. त्या कपाटावाचून कोणाचं काही अडलं नाही.

इथे नीट समजून घ्यायची गोष्ट एकच. बैलबाजारात आपण इसार देतो. घेणारा फिरला तर इसार बुडतो आणि विषय संपतो. हप्त्याच्या फर्निचरमध्ये सौदे दोन असतात. एक तुमचा आणि दुकानदाराचा. दुसरा तुमचा आणि फायनान्स कंपनीचा. दुकानदाराला त्याचे पैसे कंपनीकडून मिळून गेलेले असतात. म्हणून दुकानात "रद्द" म्हटल्याने कर्ज रद्द होत नाही. दुकानदाराने कंपनीचे पैसे परत केले आणि कंपनीने खातं बंद केलं, तरच तुम्ही मोकळे.

कायदा काय म्हणतो? मन बदललं म्हणून दुकानातून घेतलेला चांगला माल परत घ्यायलाच लावील असा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. माल सदोष असेल तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पाठीशी आहे. सौदा मोडला म्हणून सगळी रक्कम जप्त करता येते असंही नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईपुरतंच बोलतं, आणि नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणारी अट 2019 च्या कायद्यात अनुचित करारात मोडते.

मोबाईलवर किंवा अ‍ॅपवरून मिळणाऱ्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने माघारीची मुदत ठेवली आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते. 2022 च्या नियमात बहुतेक कर्जांना ही मुदत किमान तीन दिवस होती. 2025 च्या नियमात किमान एक दिवस राहिली. आता सांगा, एका दिवसात कोणत्या शेतकऱ्याची परिस्थिती बदलते? आमची बातमी महिन्याने येते, कधी गारपिटीने, कधी दिल्लीच्या कागदाने.

आणखी एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही. आपल्या संसदेने 1972 मध्ये भाडे-खरेदी कायदा केला होता. हप्त्याने वस्तू घेणाऱ्याने चौदा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, वस्तू परत करायची, तोवरचं देणं भागवायचं आणि करारातून बाहेर पडायचं, अशी सोय त्यात होती. तो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2005 मध्ये रद्द करून टाकला. आजचं हप्त्याचं कर्ज त्या पद्धतीचं नाही हे मला मान्य आहे. पण परत करून सुटायची वाट असावी, हा विचार काही नवा नाही.

दुकानदाराची बाजूही आहे. मापाने बनवून घेतलेला दिवाण तो दुसऱ्या कोणाला विकणार? तिथे सुताराची मजुरी आणि लाकडाचं नुकसान द्यायलाच पाहिजे. आणि दोन महिने सोफ्यावर बसून मग "परत घ्या" म्हणणारा माणूस दुकानदाराला फसवतो. मी बोलतोय तो गोदामात पॅक पडलेल्या तयार मालाबद्दल.

तेव्हा वेळ आलीच तर असं करा. त्याच दिवशी दुकानाला आणि कंपनीला वेगवेगळा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. डिलिव्हरी चलनावर सही करू नका. खातं बंद झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत हप्ता चुकवू नका. बँकांनी पीककर्जाला सिबिल बघू नये असं सरकारने बजावलेलं असलं तरी जूनमध्ये खतासाठी बँकेच्या दारात उभं कोण राहतं, आपणच ना? दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. फायनान्स कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.

आणि घ्यायच्या आधीच कर्जाचं मुख्य माहितीपत्रक मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून ते द्यावंच लागतं, तेही आपल्याला समजेल अशा भाषेत. शून्य टक्के व्याजाला भुलू नका. असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच सांगितलंय.

माझी मागणी दुकानदारांकडे आणि कंपन्यांकडे आहे. आमच्या भागात धंदा करायचा तर बिलावर एक ओळ छापा: डिलिव्हरीआधी ऑर्डर रद्द केल्यास इतकी रक्कम कापली जाईल, बाकी परत. आकडा आधी कळला तर आम्हीही विचार करून सही करू, आणि वेळ आली तर तेवढे मोजून देऊ. सरकार एका रात्रीत आमचा परदेशातला सौदा मोडतं आणि त्याला धोरण म्हणतात. शेतकऱ्याने न उघडलेल्या कपाटाचा सौदा रीतसर पैसे मोजून मोडला, तर त्याला लबाड म्हणू नका.

घरात लग्न असेल तर हा हिशेब आजच घरच्यांसोबत बसून करा. कांदा काढणीला यायच्या आधी.