अंदमानला जरूर जा, पण बारातांग वगळा

मंडळी, आम्ही दोघे अंदमानला जाऊन आल्यापासून नात्यागोत्यातून सारखे फोन येतात. "आत्या, काय बघायचं, काय सोडायचं?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

आधी बघायचे ते. सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी आता तीनच उरल्या आहेत. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम चांगलाच आहे, पण दिवसाउजेडी दोन तास हातात ठेवून जा. आपण मराठी माणसे पहिल्यांदा सावरकरांची कोठडी विचारतो, ते साहजिकच आहे. पण मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवरची बंगाली आणि पंजाबी नावेही वाचा. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघे गेले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत मी कधी शिकवल्याचे आठवत नाही.

रॉस बेट, म्हणजे आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, सोडू नका. साहेबांचे चर्च, बंगले, सगळ्यांना झाडांच्या मुळांनी कवटाळले आहे. हॅवलॉकचा (आता स्वराज द्वीप) राधानगर किनारा जितका ऐकला तितकाच सुंदर आहे. नील बेटावर (शहीद द्वीप) ओहोटीची वेळ विचारून मगच जा, डबक्यांतून प्रवाळ दिसतात. त्यावर पाय देऊ नका, उचलून तर मुळीच आणू नका! आणि एक लक्षात ठेवा, घड्याळ आपलेच असले तरी बेटे खूप पूर्वेला आहेत. हिवाळ्यात साडेपाचपर्यंत अंधार होतो. तेव्हा पहाटे उठायची तयारी हवी.

आता सोडायचे ते. जवळजवळ प्रत्येक सहलीच्या कागदावर एक दिवस 'बारातांग' असा असतो. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून होडी. ऐकायला छान वाटते. पण तिथे नेणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. पहाटे तीनला उठवून गाड्या जिरकाटांगच्या चौकीवर रांगेत लावतात आणि पोलिसांच्या देखरेखीखाली एकामागे एक आत सोडतात. थांबायचे नाही, फोटो काढायचा नाही, काही खायला द्यायचे नाही, असे नियम आहेत. आणि तरीही आम्हाला सहल विकणारा गृहस्थ गुहांबद्दल एक वाक्य बोलला आणि "नशीब असेल तर जारवा दिसतील" हे तीनदा! माणसे 'दिसण्यासाठी' जायचे? आम्ही तो दिवस काढून टाकायला सांगितला.

हा रस्ता राखीव भागात बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले होते. तो बंद झाला नाही. २०१२ च्या जानेवारीत जारवा स्त्रियांना खाण्याच्या मोबदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली. २०१३ मध्ये पर्यटकांवर काही आठवडे बंदी आली आणि उठली.

यावर मला तीन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, रस्ता स्थानिकांना लागतोच की. लागतो. रंगत, मायाबंदर, डिगलीपूरच्या माणसांना दवाखाना आणि किराणा त्याच वाटेने मिळतो. पण त्यांची गरज आपल्या हौसेच्या पंक्तीला का बसवायची?

दुसरी, बारातांगच्या होडीवाल्यांचे पोट त्यावर आहे. हे मात्र खरे आहे आणि मला खुपते. पर्यटक समुद्रमार्गाने तिथे नेण्याची नीट सोय करणे हे सरकारचे काम आहे. पण ती होईपर्यंत चारशे-पाचशे माणसांच्या घरातून रोज गाड्या काढणे मला पटत नाही.

तिसरी, "त्यांना मुख्य प्रवाहात आणायला नको का?" ग्रेट अंदमानी लोकांना आणले गेले. १८५८ मध्ये इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा ते हजारोंनी होते, आज जेमतेम पन्नासच्या आसपास उरले आहेत. त्यांना संपवण्यात बाहेरून आलेल्या रोगांचा मोठा हात होता. जारवा १९९७-९८ च्या सुमारास आपणहून जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. बाहेर यायचे की नाही, किती आणि कधी, हे त्यांनी ठरवावे. आपल्या खिडकीतून टाकलेल्या बिस्किटाने ते ठरू नये.

चाळीस वर्षे वर्गावर मुलांना 'दुसऱ्याच्या घरात डोकावू नये' असे सांगत आले. सहलीचे पैसे भरले म्हणून ते बदलत नाही.

तो दिवस रिकामा राहील अशी काळजी नको. सकाळी मानववंशशास्त्राचे संग्रहालय बघा, या लोकांबद्दल तिथे सावकाश वाचता येते. दुपारी चिडियाटापूला जा आणि सूर्यास्त बघून परता. आणि बारातांग वगळताना सहलवाल्याला कारण जरूर सांगा. दहा जणांनी सांगितले तर कागदावरची ती ओळ कधीतरी बदलेल.

असो. छत्री न्या, जुन्या चपला न्या, आणि जाऊन आलात की कळवा.