चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे. तिथे अनेक कोअर एकाच वेळी मेमरीतली तीच जागा वाचत असतात, तिथेच लिहीत असतात. अशा सामायिक जागांसाठी कर्नलमध्ये छोटे मॅक्रो आहेत. ते बदलणारा पॅच आला की आपल्याकडे एक ठरलेला शेरा येतो: "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" वर पुस्ती, की ही नुसती रंगरंगोटी आहे, सीव्हीत एक ओळ वाढवायची हौस. माझं भांडण या शेऱ्याशी आहे.

मी पेण तालुक्यातल्या जोह्याचा. आमच्याकडे घरोघरी गणपतीचे कारखाने, तेव्हा रंगरंगोटीला कमी लेखणाऱ्यांशी तसंही माझं जमत नाही. पण इथे प्रश्न रंगाचा नाहीच. समजा, कारखान्यात ठरलंय की मालक पाटीवर ‘थांबा’ लिहीपर्यंत रंगवत राहायचं. रंगारी सकाळी एकदा पाटी बघतो, ‘थांबा’ नाही एवढं डोक्यात ठेवतो आणि रात्रीपर्यंत मान वर करत नाही. मालकाने दुपारी बाराला ‘थांबा’ लिहिलेलं असतं. कंपायलर नेमकं हेच करतो. लूपमध्ये ही किंमत कोणी बदलताना त्याला दिसत नाही, म्हणून तो ती एकदाच वाचतो, रजिस्टरमध्ये ठेवतो आणि फिरत बसतो. सी भाषेच्या नियमांत हे बसतं. कंपायलर दुष्ट नाही. पाटीवर दुसरंही कोणी लिहितं, हे त्याला आपण सांगितलेलं नसतं.

ते सांगण्यासाठी कर्नलमध्ये ‘ॲक्सेस वन्स’ होता. एका ओळीचा मॅक्रो: या जागेला क्षणभर ‘व्होलाटाइल’ समज, म्हणजे जेव्हा सांगेन तेव्हा खरोखर मेमरीत जाऊन बघ. अनेक वर्षं तो चालला. 2014 मध्ये क्रिस्टियन बोर्नट्रेगर यांच्या लक्षात आलं की जीसीसीच्या 4.6 आणि 4.7 या आवृत्त्या स्ट्रक्ट किंवा युनियनसारख्या प्रकारांवरून हे ‘व्होलाटाइल’ गुपचूप काढून टाकतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. कोडमध्ये मॅक्रो दिसतोय आणि त्यातून तयार झालेल्या मशीन कोडमध्ये संरक्षण नाही! ‘चालतंय ना’वाल्यांनी इथे जरा थांबावं. ते चालत नव्हतं, चालल्यासारखं दिसत होतं.

त्यातून ‘रीड वन्स’ आणि ‘राइट वन्स’ आले. वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं. ही फोड मला दुरुस्तीपेक्षाही मोलाची वाटते. जुन्या मॅक्रोकडे बघून तो वाचतोय की लिहितोय हे कळत नसे; बरोबरचिन्हाच्या कुठल्या बाजूला आहे ते शोधावं लागे. माणूस शोधेल एकवेळ, मोजमाप करणारी साधनं काय करणार? 2017 च्या अखेरीस मार्क रटलँड यांनी उरलेले वापर बदलले, बरेचसे कॉक्सिनेल या साधनाने, आणि 4.15 या आवृत्तीत जुना मॅक्रो गेला. त्याच आवृत्तीत विल डीकन यांनी अल्फा प्रोसेसरला लागणारा बॅरियर ‘रीड वन्स’च्या पोटात टाकला. वाचायची जागा वेगळी नसती तर तो ठेवला कुठे असता? पुढे 2020 मध्ये डेटा रेस पकडणारं केसीसॅन कर्नलमध्ये आलं. कुठला ॲक्सेस जाणूनबुजून केलाय आणि कुठला बेसावधपणे, हे त्याला याच खुणांवरून कळतं.

विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे. हजार ठिकाणी बदल केला की गिट ब्लेम गढूळ होतो, जुन्या शाखेत दुरुस्त्या नेणाऱ्याचे हाल होतात. मी ते हाल बघितले आहेत. पण त्यावर उपाय म्हणजे बदल एकदाच, एकगठ्ठा, साधनाने करणं. पाच वर्षं दोन्ही नावं शेजारी शेजारी नांदवणं हा उपाय नाही. नवीन आलेली पोरं मग समोर दिसेल तेच नाव उचलतात.

आता दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे. केसीसॅनने बोंब मारली की ‘रीड वन्स’ गुंडाळायचा आणि गप्प करायचं, अशी एक जमात तयार झाली आहे. हे मॅक्रो म्हणजे कुलूप नव्हे. दोन कोअर एकाच वेळी ‘रीड वन्स’ने 5 वाचतील, दोघंही 1 मिळवतील, दोघंही ‘राइट वन्स’ने 6 लिहितील. हवे होते 7. सगळं नियमाने झालं आणि एक मोजणी हरवली. तिथे ॲटॉमिक क्रिया हवी किंवा लॉक हवा. विचार न करता चिकटवलेला मॅक्रो तर जास्त घातक, कारण पुढचा वाचणारा समजतो की इथे कोणीतरी विचार केलाय.

म्हणून रिव्ह्यूमध्ये मी एकच गोष्ट मागतो: प्रत्येक ‘रीड वन्स’च्या वर एक ओळ, समोरून कोण लिहितंय याची. फंक्शनचं नाव पुरे. ते सांगता येत नसेल तर पॅच परत. आमच्या एका जुन्या ड्रायव्हरमध्ये ‘ॲक्सेस वन्स’ अजून आहे. नव्या कर्नलवर तो कंपाइल व्हावा म्हणून कोणीतरी हेडरमध्ये जुनी व्याख्या परत चिकटवून ठेवली आहे. त्यातल्या तीन ठिकाणी समोरून कोण लिहितंय, हे टीममध्ये आज कोणालाच सांगता येत नाही. ड्रायव्हर मात्र चालतोय.